शब्द पाळला, पण किंमत कोणी मोजली?

निघण्याआधी मोबाईल, घड्याळ आणि चष्मा काढून ठेवा. डब्यातला ठेचा घरीच राहू द्या. आपण जिथे निघालोय तिथे मिरची पोचायला अजून काही शतकं आहेत. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका यांचीही तीच गत. चहा आणि तंबाखूचं तर नावच काढू नका. ज्वारीची भाकरी मिळेल, तुरीचं नाहीतर हुलग्याचं कालवण मिळेल, तीळ मिळतील. तिखट लागलंच तर मिरे, तेही ज्याला परवडतात त्याच्या घरी.

ठिकाण एकच आहे: धाराशिवपासून वीसएक किलोमीटरवरचं, तेरणेच्या काठचं तेर. जागा बदलायची नाही, फक्त काळ बदलत जायचा. आपल्याला बघायची आहेत ती शब्दाला जागणारी, निष्ठेपायी काहीही पणाला लावणारी माणसं. अशा माणसांच्या कथा जगभर आहेत. चीनमध्ये तर त्यांच्या याद्या आहेत, सचित्र पोथ्या आहेत, सणसुद्धा आहेत. त्या आपण ऐकतो, हात जोडतो आणि पुढे जातो. या वेळी मात्र प्रत्येक मुक्कामावर एक प्रश्न विचारायचा: शब्द दिला कोणी, आणि त्याची किंमत मोजली कोणी?

पहिला मुक्काम: इसवी सनाचं पहिलं शतक

पायाखाली धूळ आहे आणि कानावर बैलगाड्यांचा आवाज. गावाचं नाव आज तगर. तुम्ही वाट चुकलेले नाही, हेच तेर. एका ग्रीक व्यापाऱ्याने याच शतकात समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात हे गाव आहे: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. इथून जाडंभरडं कापड आणि तलम मलमलही गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी, भडोचच्या बंदराला जाते. तिथून पुढे समुद्र, आणि समुद्रापलीकडे रोम.

कारागिरांच्या वस्तीतून एक चक्कर मारा. कोणी हस्तिदंत कोरतोय, कोणी मातीच्या बाहुल्या साच्यातून काढतोय. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती नीट बघून ठेवा. तिच्यासारखीच एक मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात जाईल, इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली जाईल आणि १९३८मध्ये पुन्हा उजेडात येईल.

इथे थोर माणसाची कथा सांगायला कोणी थांबवणार नाही. पण व्यापार बघा. माल इथून निघतो आणि पैसे कित्येक महिन्यांनी येतात. मधले सगळे दिवस हा गाडा चालतो तो दिलेल्या शब्दावर. विणकर व्यापाऱ्याला ओळखतो, व्यापारी गाडीवानाला, गाडीवान बंदरावरच्या माणसाला. त्यांतल्या एकाने शब्द मोडला तर मागच्या सगळ्यांच्या चुली विझतात. शब्द पाळण्याला धर्म म्हणण्याआधी माणसांनी तो व्यवहार म्हणून पाळला असणार. तगर त्या व्यवहारावर उभं आहे.

दुसरा मुक्काम: सातवं शतक

सहाशे वर्षं एका पावलात ओलांडलीत. आता राज्य चालुक्यांचं आहे, राजा दुसरा पुलकेशी. इसवी सन ६४१च्या सुमारास महाराष्ट्रातून एक चिनी भिक्खू प्रवास करतोय. त्याचं नाव ह्युएन-त्सांग. बुद्धाच्या देशातले मूळ ग्रंथ मिळवायला तो घरातून निघाला आणि परत जायला त्याला सोळाहून अधिक वर्षं लागणार आहेत. तोही एका शब्दाने बांधलेला माणूस आहे, फक्त तो त्याने स्वतःला दिलाय.

इथल्या माणसांविषयी त्याने लिहून ठेवलंय त्याचा मथितार्थ असा: ही माणसं मानी आणि साधी आहेत. उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, आणि अडचणीतला कोणी मदतीला हाक मारून आला तर स्वतःचा विचार न करता धावतात. सूड घ्यायचा झाला तरी आधी शत्रूला कळवतात आणि मगच शस्त्र उचलतात. निष्ठावंतांच्या कथांवर वाढलेल्या देशातला माणूस परमुलखात आला, तेव्हा त्याने तोच गुण शोधला आणि तो सापडल्याची नोंदही केली. महाराष्ट्राला बाहेरच्या माणसाने दिलेलं हे बहुधा सर्वांत जुनं स्वभावपत्र.

आता तेरमध्ये विटांच्या एका देवळापाशी या. मागची बाजू अर्धगोल आणि वर कमानदार छत. मुळात हा बौद्धांचा चैत्य असावा, असं पुरातत्त्वाचे अभ्यासक मानतात. पुढे इथे त्रिविक्रम आला. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या वास्तूंमध्ये याची गणना होते.

त्रिविक्रम म्हणजे पाऊल उचललेला विष्णू. ते पाऊल कोणावर पडणार, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. बळीराजाने बुटक्या बटूला तीन पावलं जमीन द्यायचं कबूल केलं. शुक्राचार्यांनी बजावलं, हा साधा याचक नाही, माघार घे. बळीने हातावर पाणी सोडलंच. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग संपले, तेव्हा तिसऱ्यासाठी त्याने आपलं डोकं पुढे केलं. देऊळ पाऊल टाकणाऱ्याचं आहे. पण दिवाळीत इथली बाई ओवाळताना राज्य मागते ते बळीचं. जिंकला कोण आणि थोर कोण, याचा निवाडा लोकांनी असा देवळाबाहेर करून टाकलाय.

इथे आपला प्रश्न विचारा. शब्द दिला बळीने, किंमत मोजली बळीने, स्वतःच्या डोक्याने. हिशेब चोख आहे. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढच्या मुक्कामावर तो इतका सरळ लागणार नाही.

तिसरा मुक्काम: तेराव्या शतकाची अखेर

देवगिरीवर रामदेवराय यादव आहे. तगर आता राजधानीही नाही आणि मोठी पेठही नाही. कोकणातले शिलाहार राजे मात्र आपल्या बिरुदात या नगरीचं नाव पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने मिरवत आले. तुमच्यासमोर आहे ते एक खेडं: पांढऱ्या मातीची माळवदाची घरं, अंगणात तुळस, गल्लीच्या टोकाला धूर. धुराकडे चला. तिथे कुंभाराचा आवा लागलाय.

हे गोरोबांचं घर. पुढे सगळे संत त्यांना काका म्हणतील, कारण त्या मेळ्यात वयाने तेच वडील. परंपरा त्यांचा जन्म १२६७चा मानते.

इथून पुढे तुम्हाला जे दिसेल ते वारकरी परंपरेने जपलेलं आणि अठराव्या शतकात महिपतींनी ओवीबद्ध केलेलं आहे. तुम्ही साक्षीदार आहात, बोलायची मुभा नाही.

अंगणातल्या खड्ड्यात माती भिजत घातलीय. काळी माती, गाळाची माती, राख, गाढवाची लीद. हे मिश्रण पायांनी तुडवायचं, पुन्हा पुन्हा. आत एक खडा राहिला किंवा हवेचा एक बुडबुडा राहिला तर मडकं आव्यात तडकतं. म्हणून तुडवणी हे घाईचं काम नाही. लय लागते, आणि लय लागली की तोंडात नाव येतं. गोरोबांच्या तोंडात विठ्ठलाचं नाव आहे. डोळे मिटलेले, पाय चालू.

दारातून एक बाई बाहेर येते, कमरेवर घागर. ही संती, गोरोबांची पत्नी. पाणी आणायला निघालीय. रांगतं लेकरू अंगणात सोडून ती नवऱ्याला सांगते की याच्याकडे बघा. गोरोबांनी हुंकार दिला की नाही, हे तुम्हाला नीट ऐकू येत नाही. तिलाही ऐकू आलं नसावं. पण पाणी तर आणायलाच हवं. ती जाते.

लेकरू बापाकडे रांगत निघतं.

तुम्हाला ओरडावंसं वाटतंय. कथा ऐकताना कीर्तनात हा प्रसंग आला की टाळ थांबतात, आणि पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावतात. ऐकताना आधार असतो: शेवट गोड आहे हे ठाऊक असतं. इथे अंगणात उभं राहून तो आधार नाही. लेकरू चिखलाच्या काठाशी येतं, आत येतं. पाय थांबत नाहीत. नाम थांबत नाही. मातीचा रंग बदलतो.

संती परत येते. घागर खाली ठेवायच्या आधीच ती लेकराला शोधते. विचारते. पुन्हा विचारते. मग तिला मातीत दिसतं.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचा भाग सांगताना पुष्कळांचा आवाज हळू होतो. संती नुसती रडत नाही. ती नवऱ्याला बोलते, आणि नवऱ्याच्या देवालाही बोलते. ज्या विठोबाच्या नावात लेकरू दिसेनासं झालं, त्या विठोबाला ती दोष देते. गोरोबांची तंद्री मोडते ती लेकरासाठी नाही, देवाची निंदा कानावर पडली म्हणून. ते चाक फिरवायची काठी उचलतात आणि तिच्या अंगावर धावतात.

त्या क्षणी संतीकडे काय आहे? माहेर लांब आहे. पंचायत पुरुषांची आहे. तिच्याकडे फक्त नवऱ्याची श्रद्धा आहे, आणि ती तीच वापरते. विठोबाची आण घालते: मला हात लावायचा नाही.

काठी थांबते, आणि कायमची थांबते. देवाची शपथ पडली, ती पाळायची. रागाच्या भरात घातली होती, तिचा अर्थ मार थांबवणं एवढाच होता, चार दिवसांनी विसरली तरी चाललं असतं. असं गोरोबा मनाशी काहीच म्हणत नाहीत. त्या दिवसापासून ते संतीला स्पर्श करत नाहीत. त्या काळात बायकोच्या शब्दाने नवऱ्याचा हात रोखला जाण्याची सोय ना कायद्यात होती ना रिवाजात. हा माणूस तो शब्द देवाच्या शब्दाइतका मानतो. मला विचाराल तर गोरोबांची थोरवी इथे सुरू होते. तुडवणीतली तंद्री भक्ती असेल, पण काठी खाली ठेवणं हा सद्गुण आहे.

अंगणातून हलू नका. काही दिवस, काही महिने जाऊ द्या.

वंश कसा चालायचा? संती माहेरी जाते आणि धाकट्या बहिणीचं, रामीचं, लग्न गोरोबांशी लावून देते. सासरा लेकीला निरोप देताना जावयाला सांगतो तेच, जे कुठलाही बाप सांगेल: दोघींना सारखं वागवा. गोरोबा ते शब्दशः घेतात. एकीला हात लावायचा नाही, तर दुसरीलाही नाही. सारखं म्हणजे सारखं.

इथे थांबून रामीकडे बघा. तिने कोणाला शपथ घातली नव्हती. तिला कोणी विचारलंही नव्हतं. बहिणीच्या दुःखावर उपाय म्हणून ती या घरात आली, आणि बापाने भल्यासाठी उच्चारलेलं एक वाक्य तिच्या आयुष्याला कुलूप लावून गेलं. कथेत तिच्या वाट्याला फार ओळी नाहीत.

मग एका रात्री दोघी बहिणी निजलेल्या गोरोबांच्या दोन बाजूंना निजतात आणि त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवतात. गोरोबा जागे होतात, शपथ मोडली हे पाहतात, आणि ज्या हातांनी मोडली ते हातच तोडून टाकतात.

कुंभाराचे हात. चाकावर मडकं उभं करताना आतून एक हात आणि बाहेरून एक हात लागतो. थापटताना आत दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटणं मारायचं. हात गेले म्हणजे धंदा गेला आणि घराची भाकरी गेली. बळीसारखी किंमत गोरोबांनी इथे स्वतःच्या शरीरातून मोजली, यात शंका नाही. पण हिशेबाच्या पाटीवर त्यांच्या आधी तीन नावं आहेत: लेकरू, संती, रामी.

जरा चीनकडे

याच काळात, याच दशकांत, चीनवर कुब्लाई खानाच्या घराण्याचं, युआनांचं राज्य आहे. तिथे गुओ जुजिंग नावाच्या विद्वानाने आईबापांशी निष्ठेने वागणाऱ्या चोवीस मुलांच्या गोष्टी एकत्र केल्या, असं परंपरा सांगते. पुढची सहाशे वर्षं चिनी मुलं ही गोष्टींची चोपडी वाचून मोठी होणार आहेत.

तिच्यातली गुओ जू या माणसाची गोष्ट ऐका. गुओ जू गरीब. घरात म्हातारी आई, बायको आणि तीन वर्षांचा मुलगा. आजी आपल्या घासातला घास नातवाला देते आणि स्वतः उपाशी राहते. गुओ जू ठरवतो: मूल पुन्हा होईल, आई पुन्हा मिळणार नाही. मुलाला जिवंत पुरायला तो खड्डा खणू लागतो. बायको विरोधात जात नाही. खणता खणता जमिनीत सोनं लागतं. आभाळाने त्याच्या निष्ठेला दिलेलं बक्षीस. मूल वाचतं, आई जेवते, गोष्ट संपते.

लू शून हा आधुनिक चिनी साहित्याचा मोठा लेखक. लहानपणी त्याच्या हातात ही सचित्र चोपडी आली होती. १९२६मध्ये त्याने तिच्याविषयी लिहिलं. ही गोष्ट वाचून तो घाबरून गेला होता. आपल्या वडिलांनीही असंच निष्ठावान व्हायचं ठरवलं तर खड्ड्यात जाणारा आपणच, हे त्या पोराला लगेच कळलं. घरची परिस्थिती खालावत होती आणि आजी घरातच होती. गोष्ट मोठ्यांनी लिहिलेली, मोठ्यांच्या थोरवीची. खड्ड्याच्या तळाशी बसून ती वाचणारा वाचक लेखकाने धरलाच नव्हता.

त्याहून जुनी एक कथा आहे, इसवी सनाच्या आधी सातव्या शतकातली. जिन राज्याचा राजपुत्र चोंग-अर एकोणीस वर्षं वनवासात भटकला. त्याचा सेवक जिए झितुई याने, धनी भुकेने कोसळला तेव्हा, स्वतःच्या मांडीचं मांस शिजवून त्याला खाऊ घातलं. पुढे राजपुत्र राजा झाला, आणि बक्षिसं वाटताना जिए विसरला गेला. जिए मागायला गेला नाही. आईला घेऊन डोंगरात राहू लागला. राजाला उशिरा आठवण झाली. त्याला बाहेर काढायला म्हणून डोंगराच्या जंगलाला आग लावली. जिए आला नाही. आईसह जळाला. त्याच्या स्मरणार्थ वसंतात एक दिवस चूल न पेटवता थंड अन्न खायची प्रथा पडली.

मांडीचं मांस जिएचं होतं, ते द्यायचा अधिकार त्याचा होता. आगीत मात्र म्हातारी आईही होती.

तेरच्या अंगणात परत या. आता फरक दिसेल. गुओ जूची बायको बोलत नाही. जिएच्या आईला कथेत बोलू दिलंय, पण ती मुलाच्या निश्चयाला दुजोरा देते. तेरची संती भांडते. देवाला जाब विचारते, नवऱ्याचा हात अडवते, आणि कथा तिला खोटी पाडत नाही. देव तिच्यावर कोपत नाही. उलट तिच्या शपथेला देवाच्या नावाचं बळ मिळतं आणि घर त्या शपथेवर चालतं. निष्ठेच्या कथांमध्ये अशी बाई फार ठिकाणी सापडत नाही. आपल्याला ती तेरमध्ये सापडली.

त्याच अंगणात, दुसऱ्या एका दिवशी

जाण्याआधी हेही बघून घ्या. ही घटना १२९६च्या आधीची मानायला हवी, कारण ज्ञानदेव इथे आहेत. निवृत्तिनाथ, सोपान, मुक्ताबाई आहेत. पंढरपूरहून नामदेव आलेत. अंगणात संतमेळा बसलाय. काही कथाकार हा प्रसंग दुसरीकडे घडला असं सांगतात, तेरचे लोक मात्र तो इथलाच म्हणून सांगतात.

मुक्ताबाई, वयाने सगळ्यांत लहान. तिची नजर भिंतीशी ठेवलेल्या थापटण्यावर जाते. हे काय, असं ती विचारते. काका सांगतात: याने मडकं वाजवून बघायचं, पक्कं की कच्चं ते कळतं. भाजलेलं मडकं खणखणीत बोलतं, कच्चं बद्द वाजतं. मग ती म्हणते, इथे बसलेली मडकीही तपासा.

काका उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं वाजवत जातात. कोणी हलत नाही. नामदेवांची पाळी येते, तेव्हा ते रागावतात. काका निकाल देतात: हे मडकं कच्चं. विठोबाच्या पंक्तीला बसणाऱ्या, कीर्तनात देवाला नाचवणाऱ्या नामदेवांना हा निकाल लागतो. ते तक्रार घेऊन पंढरीला जातात, आणि पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जाऊन त्यांना गुरू करतात.

या प्रसंगाकडे जरा वेगळ्या बाजूने बघा. ब्राह्मण कुळात जन्मलेले ज्ञानदेव, शिंपी नामदेव, या सगळ्यांची परीक्षा घेणारा कोण, तर गावचा बलुतेदार कुंभार. परीक्षेची कल्पना कोणाची, तर मेळ्यातल्या धाकट्या मुलीची. आणि जो नापास झाला त्याने निकाल फाडून टाकला नाही, शिकायला गेला. नामदेव पुढे पंजाबपर्यंत पोचले आणि शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांच्या रचनांना जागा मिळाली. मोठेपणाला थापटणं चालतं, हे वारकऱ्यांनी स्वतःच्याच सर्वांत लाडक्या संतावर दाखवून दिलं.

म्हणून गोरोबांच्या कथेवर थापटणं वाजवायला आपणही भिऊ नये.

१७६२: ताहराबाद

इथे तेवढं तेर सोडावं लागेल. राहुरीजवळच्या ताहराबादेत महिपती 'भक्तविजय' लिहून पूर्ण करतायत. गोरोबांनी १३१७मध्ये, चैत्र वद्य त्रयोदशीला तेरमध्ये समाधी घेतली, त्याला साडेचारशे वर्षं होत आलीत. महिपती ती कथा ओव्यांत अशी बसवतात की पुढे प्रत्येक घरात ती वाचली जाईल.

त्यांच्या खांद्यावरून डोकावून शेवट वाचा. हात गेलेले गोरोबा, संती आणि रामीसह पंढरपूरला जातात. नामदेवांचं कीर्तन चाललंय. नामाच्या गजरात सगळे हात वर करतात, गोरोबा थोटे बाहू उचलतात आणि त्यांना हात फुटतात. संती लेकराचा आकांत करते आणि गर्दीतून तिचं लेकरू रांगत येतं. शपथेतूनही सगळ्यांची सुटका होते.

चमत्कार खरा की खोटा, हा वाद मला घालायचा नाही. मला चमत्काराची जागा महत्त्वाची वाटते. तो नेमका तिथे आलाय जिथे हिशेब जुळत नव्हता. लेकरू परत आलं, कारण ते गेलेलं राहिलं असतं तर कथा सांगणाऱ्यालाही ती सहन झाली नसती. गुओ जूच्या खड्ड्यात सोनं याच कारणासाठी निघालं. दोन्हीकडच्या कथाकारांनी निष्ठेचं कौतुक केलं, आणि शेवटी गुपचूप मान्य केलं की लेकराचा जीव ही किंमत जास्त झाली. चमत्कार म्हणजे कथेने भरलेली नुकसानभरपाई आहे. बळीच्या कथेत त्याचं डोकं परत द्यावं लागलं नाही, कारण तिथे दुसऱ्या कोणाचं काही घेतलंच नव्हतं.

शेवटचा मुक्काम: आजचं तेर

चष्मा लावा, मोबाईल सुरू करा. तुम्ही पुन्हा धाराशिव जिल्ह्यात आहात.

तेरमध्ये उतरलात तर आधी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय बघा. या माणसाने गावच्या पांढरीत, शेतांत, ओढ्याकाठी सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर वेचून ठेवल्या. पुढे शासनाने त्यांचं संग्रहालय केलं. मातीच्या बाहुल्या, मणी, रोमन वळणाच्या वस्तू, आणि पाँपेईच्या मूर्तीची बहीण शोभावी अशी ती हस्तिदंती स्त्री. तेर म्हणजेच तगर हे जॉन फेथफुल फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं, त्यानंतर इथे उत्खननं झाली. पण लामतुरे यांची निष्ठा मला वेगळ्या जातीची वाटते. ती कोणाच्या जिवावर उठली नाही आणि मागे एक अख्खं शहर ठेवून गेली.

मग त्रिविक्रमाच्या देवळात जा, विटांना हात लावून बघा. मग नदीकाठी गोरोबांच्या समाधीवर. चैत्र वद्य त्रयोदशीला इथे समाधी सोहळा असतो, दिंड्या येतात. गोरोबांची कथा मराठीतच थांबली नाही. तमिळमध्ये १९४८ला 'चक्रधारी' निघाला, कन्नडमध्ये १९७४ला राजकुमारांचा 'भक्त कुंभार' गाजला, मराठीत १९६७चा 'संत गोरा कुंभार' आहे. प्रत्येक भाषेत गर्दी जमली ती त्याच प्रसंगाला, आणि प्रत्येक भाषेत लोक रडले ते त्या लेकरासाठी. प्रेक्षकांना हिशेब नेहमीच कळत आलाय.

गोरोबांना हात जोडावेत, याबद्दल माझं दुमत नाही. जो माणूस बायकोच्या नकाराला देवाची आज्ञा मानतो आणि चुकीची शिक्षा स्वतःच्याच हातांना देतो, तो आजही दुर्मीळ आहे. पण निष्ठेच्या नावाखाली आपण घराघरांत काय काय चालवून घेतो तेही आठवा. संघटनेवर निष्ठा ठेवणाऱ्या कार्यकर्त्याचं घर चालवते त्याची बायको. तत्त्वासाठी नोकरी सोडणाऱ्या बापाच्या धाकट्या पोरांची फी भरतो त्याचा मोठा मुलगा. कुळाचा शब्द राखायला लग्न लागतं ते घरातल्या मुलीचं. सत्कारात हार एकाच्या गळ्यात पडतो.

तेव्हा यापुढे निष्ठेची कुठलीही कथा कानावर आली, चीनची असो, तेरची असो की आपल्याच भावकीतली, तिच्यात रामी कोण आहे ते आधी शोधा. आणि तेरला गेलात, समाधीसमोर मुलांना गोष्ट सांगायला बसलात, तर संती आणि रामी यांची नावं गाळू नका. संती भांडली होती, हेही सांगा.